सेकंदाला १९ हजार, महिन्याला ८,८००

सेकंदाला सुमारे १९ हजार रुपये. रात्र नाही, दिवस नाही, सण नाही, सुट्टी नाही. ३० नोव्हेंबर २०२४ला संपलेल्या आर्थिक वर्षात ‘ओन्लीफॅन्स’ या ब्रिटिश संकेतस्थळावर चाहत्यांनी याच वेगाने पैसे मोजले. वर्षाची बेरीज ७.२२ अब्ज डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ६१ हजार कोटी रुपयांच्या पुढे. इथे स्वयंपाक आणि व्यायाम शिकवणारेही आहेत, पण या संकेतस्थळाची जगभरची ओळख प्रौढांसाठीच्या चित्रफितींचीच.

हा धंदा कुठून कुठे आला, ते आधी पाहू. लॉस एंजेलिसजवळचं सॅन फर्नांडो खोरं हे एके काळी त्याचं माहेरघर. १९८८ साली फ्रीमन खटल्याच्या निकालाने कॅलिफोर्नियात अशा चित्रीकरणाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि तिथे स्टुडिओ बहरले. कलाकाराला एका दृश्याचे ठरलेले पैसे मिळत. तीच फीत पुढे वर्षानुवर्षं विकली गेली तरी कलाकाराच्या हाती सहसा छदाम येत नसे. २००७च्या आसपास फुकट बघायची संकेतस्थळं आली आणि डीव्हीडीची विक्री कोसळली. २०१६ साली ओन्लीफॅन्स सुरू झालं तेव्हा त्याचा करार साधा होता: कॅमेरा तुमचा, दर तुमचा, शंभरातले ८० तुमचे, २० आमचे.

लोक धावले. २०१९ साली साडेतीन लाखांच्या आसपास असलेली क्रिएटरची खाती पाच वर्षांत ४६ लाखांवर गेली. टाळेबंदीत काम गेलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या, पुरुषही होते. चाहत्यांची खाती ३७ कोटी ७५ लाख झाली. २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून हा आकडा मोठा आहे. एवढा पसारा सांभाळायला तेव्हा कंपनीत माणसं किती होती? ४६. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे क्रिएटरची एक लाख खाती!

आता हेच आकडे दुसऱ्या टोकाकडून वाचू. ७.२२ अब्जांतले ८० टक्के ४६ लाख ३० हजार खात्यांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला साधारण १,२५० डॉलर येतात, म्हणजे महिन्याला ८,८०० रुपये. सरासरीच एवढी आहे, आणि तीही मूठभर गाजलेल्या नावांनी वर ओढलेली. त्या वर्षापोटी कंपनीच्या मालकाला ७० कोटी १० लाख डॉलर लाभांश मिळाला. साडेपाच लाखांहून अधिक सरासरी खात्यांची वर्षभराची कमाई एका माणसाच्या हाती!

एका वर्गणीचा हिशेब मांडून पाहा. चाहत्याने महिन्याचे दहा डॉलर भरले की दोन कंपनीचे, आठ क्रिएटरचे. त्या आठांतून दिवे, कॅमेरा, इंटरनेट आणि कर भागवायचा. नुसत्या वर्गणीवर भागत नाही, म्हणून फोटो कुलूपबंद करून संदेशातून पाठवायचा. पैसे भरले की कुलूप उघडतं. त्याआधी गप्पा हव्यात: आज दिवस कसा गेला, जेवलास का. शंभर वर्गणीदार म्हणजे अशी शंभर संभाषणं, रोज. मोठ्या खात्यांवर तर एजन्सीने नेमलेली माणसंच तिच्या नावाने उत्तरं देतात. कॅमेऱ्यासमोरचं काम थोडा वेळ चालतं, चॅट मात्र संपत नाही.

आणि हा संसार उभा कशावर आहे, तेही २०२१मध्ये दिसलं. १९ ऑगस्टला कंपनीने जाहीर केलं, १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक चित्रणाला बंदी. कारण बँकांचा दबाव. लाखोंच्या पोटावर पाय येणार होता. २५ ऑगस्टला निर्णय मागे घेतला गेला. ते सहा दिवस या कामातल्या माणसांच्या कायमचे लक्षात राहिले असतील. स्टुडिओचा मालक गेला, पण त्याच्या जागी बँक, कार्ड कंपनी आणि संकेतस्थळाच्या अटी आल्या.

बदल खरा आहे आणि त्यातलं चांगलं नाकारण्याचं कारण नाही. कॅमेरा कधी बंद करायचा, हे क्रिएटर स्वतः ठरवू शकते. कुणाला नकार द्यायचा, हेही. स्टुडिओत हे अनेकींच्या हातात नव्हतं. पण स्वातंत्र्याबरोबर सगळी जोखीमही तिच्याच पदरात पडली. भरपगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि चोरून पसरलेला फोटो परत बोलावता येत नाही. हे काम पटो न पटो, ते करणारं माणूस श्रमिक आहे. म्हणून ‘अब्जावधींचा उद्योग’ असा मथळा दिसला की आधी माणशी भागाकार करावा. महिन्याला ८,८०० रुपये; आणि त्यासाठी दिलेला चेहरा इंटरनेटवर आयुष्यभर तसाच राहणार.