विश्लेषण : नॉमिनी लावला म्हणजे मुलांची सोय झाली का?

पहिली नोकरी लागते त्या दिवशी अर्जांचा एक गठ्ठा समोर येतो. 'नॉमिनी'च्या रकान्यात बहुतेक जण वडिलांचे नाव टाकतात. पुढे लग्न होते, कर्ज काढून फ्लॅट घेतला जातो, मूल होते. रकाना मात्र तसाच राहतो. घरात विषय काढलाच, तर 'भलतेसलते बोलू नकोस' म्हणून तो तिथेच मिटवला जातो.

समजा, पुण्यात नोकरी करणारा ३४ वर्षांचा एक अभियंता आहे. पत्नी, पाच आणि एक वर्षाची दोन मुले, गावी आई-वडील. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, त्यावर गृहकर्ज. मृत्युपत्र केलेले नाही. उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर काय होईल?

नाव एकच, परिणाम तीन

बँकेच्या ठेवीवर वडील नॉमिनी असतील तर बँक त्यांना पैसे देऊन मोकळी होते. पण ते पैसे वडिलांच्या मालकीचे होत नाहीत. ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. गंमत अशी, की हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार या अभियंत्याचे वर्ग एकचे वारस आहेत पत्नी, दोन मुले आणि आई. वडील त्या यादीत नाहीतच!

भविष्य निर्वाह निधीत वेगळेच होते. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजले जाते, त्यामुळे ते नव्याने भरावे लागते. ते भरलेले नसेल तर रक्कम कुटुंबातील पात्र सदस्यांमध्ये समान वाटली जाते, पण त्यासाठी ऐन दुःखात कागदपत्रांची जुळवाजुळव पत्नीलाच करावी लागते.

तिसरा प्रकार आयुर्विम्याचा, आणि इथे सर्वांत मोठी रक्कम असते. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना 'लाभार्थी नॉमिनी' मानले जाते, म्हणजे पैसे केवळ सांभाळण्यासाठी नव्हे, तर हक्काने मिळतात. वारसांच्या हक्कापुढे ही तरतूद कितपत टिकते यावरचे वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले आहेत. पण विमा कंपनी दाव्याची रक्कम देणार ती वडिलांनाच. सासरे आणि सुनेचे पटत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर एक कोटीच्या टर्म पॉलिसीचे पैसे मुलांच्या शाळेच्या फीपर्यंत पोहोचतीलच असे नाही.

शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतचा संभ्रम सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' खटल्यात दूर केला. कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने वारसा ठरत नाही, असा तो निकाल आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारीही ठरवता येते. सोय चांगली आहे, पण त्यामुळे नॉमिनीचा वारस होत नाही.

फ्लॅट कोणाचा?

खरी अडचण घराची आहे. मृत्युपत्र नसल्याने फ्लॅटचे चार समान हिस्से होतील. पत्नीला पाव, आईला पाव आणि दोन्ही मुलांना पाव-पाव. फ्लॅट दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा असता, तर फक्त त्याच्या अर्ध्या भागाचे चार हिस्से झाले असते. सोसायटीत पत्नी नॉमिनी असली तरी वारस निश्चित होईपर्यंत ती केवळ तात्पुरती सभासद असते.

हप्ते परवडत नाहीत म्हणून तिने फ्लॅट विकायचे ठरवले, तर अर्धा फ्लॅट अज्ञान मुलांचा आहे. आई त्यांची नैसर्गिक पालक असली, तरी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ८ नुसार मुलांची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. परवानगीविना विकली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मूल तो व्यवहार रद्द करून मागू शकते. त्यामुळे जाणता खरेदीदार आणि कर्ज देणारी बँक न्यायालयाचा आदेश मागतातच. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचे नाव लागते, पण त्या तीन अक्षरांनी विक्रीचा अधिकार मिळत नाही.

आईच्या पाव हिश्शाचे काय? पुढे तीही मृत्युपत्र न करता गेली, तर तो हिस्सा तिचे पती, इतर मुले-मुली आणि या नातवंडांमध्ये वाटला जाईल. म्हणजे दीर-नणंदाही फ्लॅटच्या सहमालक होतील. यात कोणाचाही दुष्टपणा नाही. कायदा आपले काम करतो आहे.

मृत्युपत्राने काय बदलते?

स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःच्या हिश्शापुरते लिहिता येते. या अभियंत्याने फ्लॅट पत्नीच्या नावे लिहिला असता, तर मुलांचा हिस्सा आणि न्यायालयाची परवानगी हे दोन्ही प्रश्न उद्भवलेच नसते. आईला वगळणे अनेकांना जड जाते. पण फ्लॅटमध्ये हिस्सा ठेवण्यापेक्षा एखादी ठेव आईच्या नावे लिहिणे दोघींच्याही सोयीचे.

आई आणि वडील दोघेही एकाच अपघातात गेले तर? हा प्रश्न कोणालाच नको असतो. अशा वेळी आजी-आजोबा मुलांना घरी घेऊन जातात, पण कायद्याने ते आपोआप पालक होत नाहीत. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात जावे लागते. दोन्हीकडचे आजोळ-घर हक्क सांगू लागले, तर मुलाचे हित पाहून न्यायालय ठरवते. हे टाळण्यासाठी मृत्युपत्रात पालक नेमता येतो. वडिलांनी केलेली नेमणूक आई हयात असेपर्यंत लागू होत नाही. आईने नंतर स्वतःच्या मृत्युपत्रात दुसरे नाव दिले तर तेच चालते. म्हणून दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत आणि त्यांत एकच नाव लिहावे. अर्थात, त्या व्यक्तीला आधी विचारून!

मूल सांभाळणारा आणि पैसे सांभाळणारा एकच असला पाहिजे असे नाही. मावशी मायाळू असेल, पण हिशेबाला कच्ची असेल. शिवाय अठरावे वर्ष पूर्ण होताच मुलाला त्याच्या नावाची सगळी रक्कम मिळते. बारावीतल्या मुलाच्या हाती ७०-८० लाख पडावेत, असे वाटत नसेल तर मृत्युपत्रातच विश्वस्त नेमून 'शिक्षणाचा खर्च करावा, उरलेली रक्कम २५ व्या वर्षी द्यावी' अशी तरतूद करता येते.

कर्जदारांसाठी एक जुना कायदा

१८७४ चा विवाहित महिला मालमत्ता कायदा आजही उपयोगी आहे. त्याखाली पत्नी-मुलांसाठी घेतलेल्या विम्याची रक्कम मृताच्या इस्टेटीत धरली जात नाही, त्यामुळे सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो आणि लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत. धंद्यासाठी कर्ज घेणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

मृत्युपत्र करायचे कसे?

साधा कागद पुरतो. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना मालमत्ता मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. ई-साइन, आधार ओटीपी, व्हॉट्सॲपवरची पीडीएफ यातले काहीही चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक स्वरूपातून वगळले आहे. शाईची सहीच लागते.

वर सांगितलेले वारसांचे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहेत. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक-तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. गोव्यात निम्मी मालमत्ता मुलांसारख्या वारसांसाठी राखीव असते, त्यामुळे तिथल्या वकिलांशीच बोलावे.

नॉमिनी अज्ञान मूल असेल, तर विम्याच्या अर्जात 'अपॉइंटी' म्हणजे मुलाच्या वतीने रक्कम घेणारी सज्ञान व्यक्ती लिहावी लागते. तो रकाना रिकामा तर नाही ना, हे पाहायला पॉलिसीचे पहिले पान पुरते. भविष्य निर्वाह निधीचे ई-नॉमिनेशन यूएएन पोर्टलवर करता येते. त्यासाठी पत्नी-मुलांचे आधार क्रमांक आणि फोटो हाताशी ठेवा.