दलदलीच्या माळावरून सायकल

सायकल ही वस्तू आपल्या खेड्यापाड्यांत आता कोणाला नवी नाही. दुधाच्या किटल्या अडकवून जाणारी सायकल आपण पाहतो, शाळेला जाणाऱ्या मुलींच्या सायकली पाहतो. आणि पावसाळ्यात काळ्या रानातून जाण्याची वेळ आली म्हणजे काय होते, हेही तुम्हांला ठाऊक आहे. मडगार्डात चिखल भरतो, चाक फिरायचे थांबते, आणि स्वाराने सायकलवर बसायचे ते राहते बाजूला, सायकलच स्वाराच्या खांद्यावर बसते!

असा चिखल हौसेने तुडवीत, सामान सायकलला बांधून, 885 किलोमीटर जाणारी माणसे जगात आहेत, असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘हायलँड ट्रेल 550’ नावाची एक वाट आहे. 550 हा आकडा मैलांचा. ॲलन गोल्डस्मिथ या सायकलस्वाराने ती आखली, आणि 2013 सालापासून मे महिन्याच्या अखेरीस काही मंडळी टिंड्रम नावाच्या लहानशा गावातून निघून, उत्तरेकडे मोठा फेरा घालून, पुन्हा टिंड्रमलाच येतात. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले, तर एव्हरेस्टच्या दीडपटीहून जास्त उंची भरेल. बक्षीस नाही. वाटेत कोणी पाणी घेऊन उभा राहायचा नाही. आपले जेवण, आपले अंथरूण, आपली दुरुस्ती, सारे आपणच बघायचे. सर्वांत वेगवान स्वार चार दिवसांच्या आत परत येतात. बाकीच्यांना आठवडा किंवा जास्तही लागतो, आणि पुष्कळजण अर्ध्यावरच सोडतात.

ही हौस काही आजची नव्हे. 1919 साली ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या रॉबिन्सन नावाच्या गृहस्थांनी वेल्समधील बर्विन डोंगर बर्फातून सायकलसह ओलांडला आणि त्यावर एक लेख लिहिला. तो वाचून कितीतरी लोक डांबरी रस्ता सोडून आडवाटेला लागले. 1955 साली इंग्लंडात अशा आडवाटेच्या सायकलस्वारांनी आपली एक संस्थाच काढली.

ते असो. मला सांगायचे आहे ते त्या चिखलाविषयी. कारण तो आपल्याकडचा चिखल नव्हे.

आपली काळी माती म्हणजे चिकण. पाऊस पडला की फुगते, चाकाला चिकटते; पण दिवाळीपर्यंत तीच माती वाळून तिला भेगा पडतात. स्कॉटलंडच्या माळावरची दलदल चिकटत नाही, ती गिळते. आणि ती वाळतही नाही. तिच्यात मातीच जवळजवळ नसते. मग असते काय? वर असते स्फॅग्नम नावाचे शेवाळ. आपल्या विहिरीच्या पायरीवरचे बुळबुळीत शेवाळ मनात आणू नका. हे मऊ, गादीसारखे, हिरवे, पिवळसर, कधी लालसरही असते. याच्या पानांत मोठमोठ्या मेलेल्या पोकळ पेशी असतात, आणि त्यांत पाणी साठते. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे शेवाळ धरू शकते.

शेवाळाचा वरचा शेंडा वाढत राहतो आणि खालचा भाग मरतो. मेलेले पान आपल्याकडे काय करते? कुजते, त्याचे खत होते. उकिरड्यात खत व्हायला हवा लागते, ऊब लागते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिथे पाण्यामुळे आत हवा शिरत नाही, ऊब तर नाहीच, आणि शेवाळामुळे पाणी आंबट झालेले असते. त्यामुळे मेलेले शेवाळ धड कुजतच नाही; थरावर थर साचत राहतो. या काळपट थरांना ‘पीट’ म्हणतात. हा थर वाढतो वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माणूस कमरेपर्यंत रुतला, तर त्याचे पाय हजार वर्षांपूर्वीच्या गवतात पोचले म्हणायचे! रॅनॉक मूर नावाचा जो प्रसिद्ध माळ आहे, तिथे पीटमधून हजारो वर्षांपूर्वीच्या पाइन झाडांची खोडे आजही बाहेर डोकावतात. झाडे केव्हाच गेली, बुंधे कुजायचे राहून गेले.

अशा पिटाचा दहातला नऊ हिस्सा पाणीच. मग त्यावरून सायकल जाते कशी? यात एक छोटे गणित आहे. गुरुजींना वर्गात घालता येईल.

स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो धरू, म्हणजे सुमारे 220 पौंड. आपल्या साध्या सायकलीचा टायर दीड इंच रुंद. त्यात चौरस इंचाला 50 पौंड हवा भरली, तर ढोबळ मानाने हा सगळा भार दोन्ही चाकांखाली मिळून साडेचार चौरस इंच जागेवर पडतो. आता अडीच इंच रुंदीचा टायर घ्या आणि त्यात 20 पौंडच हवा ठेवा. टायर पसरतो, आणि तोच भार 11 चौरस इंचांवर वाटला जातो. लोखंडी धावेची बैलगाडी ज्या जागी रुतते, तिथून रबरी टायरची गाडी निघून जाते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून या वाटेवरचे लोक रुंद टायर वापरतात आणि हवा कमी ठेवतात.

पण 70 किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या बुटाखाली 30 चौरस इंच जागा येते. म्हणजे चौरस इंचाला जेमतेम पाच पौंड! असा अडीच इंची टायर घातला तरी माणसाचे पाऊल त्याच्याहून हलके. आणि माणूस उतरला की चाकांवर फक्त सायकलीचे नि सामानाचे ओझे उरते. तेव्हा दलदलीत उतरून चालणे हा हार मानण्याचा प्रकार नव्हे. ते गणितच आहे.

सामान बांधण्याची तऱ्हाही यावरूनच ठरते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या इथे चालत नाहीत. झुडपात अडकतात, आणि सायकल खांद्यावर घेतली की पाठीत बसतात. म्हणून एक वळकटी हँडलला, एक लांबट पिशवी सीटखाली, एक नळ्यांच्या त्रिकोणात, अशी अंगालगत बांधणी करतात. तंबू, झोपायची पिशवी, कोरडे कपडे, खाणे, पंक्चरचे सामान. यापलीकडचे काही घेतले तर ते वाहायचे आपल्यालाच.

आणि डोळे उघडे ठेवायचे. माळ रंगाने बोलतो. तपकिरी, काटक हेदरची झुडपे दिसली की जमीन त्यातल्या त्यात कोरडी. पांढरे कापसाचे झुबके डोलत असले की खाली ओले पीट. आणि जिथे हिरवळ फारच सुंदर, पोपटी, सपाट दिसेल तिथे पाऊल ठेवू नये. ती बहुधा पाण्यावर तरंगणारी शेवाळाची साय असते. नवखा माणूस नेमका त्या हिरवळीकडे वळतो.

आता तुम्ही विचाराल, मग या माळावरून वाट मुळी केली कोणी? वाट जुनी आहे. काही ठिकाणी गुरे बाजाराला नेणाऱ्या ड्रोव्हर लोकांची, काही ठिकाणी हरणांच्या शिकाऱ्यांची, तर काही ठिकाणी लष्कराची. कॉरियॅरिक खिंडीतला रस्ता 1731 साली जनरल वेड याने बांधला. हायलँड ट्रेल त्यावरून जातो. त्या काळी गुरे शेकडो मैल चालवीत दक्षिणेच्या बाजारांना नेत, आणि पुढच्या कठीण रस्त्यासाठी बैलांसारखे त्यांच्याही खुरांना नाल ठोकीत. जिथे तळच लागत नसे तिथे झाडाच्या फांद्यांची गादी अंथरून तिच्यावर रस्ता तरंगत ठेवीत. रॅनॉक मूरवरून 1894 साली सुरू झालेली आगगाडीही अशीच फांद्या, मुळ्या, माती आणि राख यांच्या थरांवर टेकलेली आहे, आणि अजून धावते.

ती गाडी होण्याआधीची एक हकीकत आहे. 1889 च्या जानेवारी अखेरीस सातजण या माळावरून रेल्वेची वाट पाहायला पायी निघाले. त्यांत इंजिनिअर होते, वकील होते, रॉबर्ट मॅकअल्पाइन नावाचे मोठे ठेकेदारही होते. कपडे शहरी, आणि हातात छत्री! पाऊस आणि हिमकण सुरू झाले, अंधार पडला, मंडळी पांगली. एकजण गलितगात्र होऊन पडला. शेवटी धनगरांनी शोधून काढले म्हणून सातहीजण वाचले. मोठी हुशार माणसे. पण माळाला हुशारी कळत नाही.

हा धोका आजही तसाच आहे. बुडून मरण्याची भीती लोकांना वाटते. खरी भीती गारठ्याची. अंग ओले, वर वारा, पोटात काही नाही आणि थकवा, एवढे एकत्र आले की उन्हाळ्यातही अंगातली ऊब उतरू लागते. प्रथम माणूस थरथरतो, मग बोटांनी गाठ सुटेना होते, पाय अडखळतात, बोलणे अडखळते. आणि वाईट म्हणजे त्याला स्वतःला ते उमगत नाही. अशा वेळी पुढे जायचे नसते; आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणे. त्या भागात ‘बॉथी’ नावाची दगडी खोपटी आहेत, आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी. दाराला कुलूप नाही, पैसे नाहीत. 1965 साली स्थापन झालेली एक संस्था अशी शंभराच्या आसपास खोपटी स्वयंसेवकांकडून राखते. आपल्यामागून येणारासाठी थोडे जळण ठेवून जायचे, असा तिथला रिवाज.

दुसरा धोका नद्यांचा. दलदल म्हणजे स्पंज, ती पाणी शोषून घेईल, असे आपल्याला वाटते. पण भिजलेल्या स्पंजावर आणखी पाणी ओता बघू! आधीच भरलेल्या दलदलीवरचा पाऊस झटकन ओघळून जातो, आणि सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारी कमरेच्या वर चढतो. फिशरफील्डच्या रानात पूल नसलेल्या अशा नद्या आहेत. तिथे शहाणा स्वार काठावर तंबू ठोकून पाणी उतरायची वाट बघतो.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या रानातून पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क दिला आहे. मात्र त्याच्या जोडीला जी आचारसंहिता आहे ती सांगते की, ओल्या, मऊ जमिनीवर शक्यतो सायकल नेऊ नका, आणि जमीन घुसळू नका. ही अट मला फार मोलाची वाटते. कारण चाकोरी पडली की तिच्यातून पाणी वाहू लागते. पाणी गेले की पीटमध्ये हवा शिरते. आणि हजार वर्षे न कुजलेले ते कुजू लागते. कुजले की त्यातला कोळसा वायू होऊन हवेत जातो. जगाच्या जमिनीपैकी तीन टक्क्यांच्या आसपासच जमीन पीटची आहे, पण सगळ्या जंगलांच्या झाडांहून अधिक कार्बन तिच्यात साठलेला आहे.

हा नुसता तर्क नाही. ही वाट सदरलँडमधून जाते, आणि तिच्या पूर्वेला ‘फ्लो कंट्री’ नावाचा दलदलीचा विशाल प्रदेश आहे. 1980 च्या दशकात कर वाचतो म्हणून तिथे चर खणून, पाणी काढून, लाकडासाठी झाडे लावली. 1988 मध्ये ती सवलत बंद झाली. झाडे लावणे वाईट कसे, असे आपल्याला वाटते. पण दलदलीत ते वाईटच ठरले. मग तिथे झाडे तोडून चर बुजवण्याचे काम सुरू झाले. नाल्यात बांध घालून आपण पाणी अडवतो, तसेच. फरक इतकाच की आपण विहिरींसाठी अडवतो, ते शेवाळासाठी. 2024 साली युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारशाचे स्थान दिले.

म्हणूनच जाणता सायकलस्वार वाटेत डबके आले की कडेने वळसा घालीत नाही. प्रत्येकजण कडेने गेला तर दरवर्षी डबके हातभर रुंद होते, आणि चार वर्षांत वाटेचे मैदान होते. तो उतरतो, सायकल खांद्यावर घेतो, आणि जुन्या वाटेनेच, डबक्याच्या मधून, घोट्यापर्यंत बूट भिजवीत पलीकडे जातो.