पियानोचा पावसाळा

पेटीवर आपल्याकडे जुना आरोप आहे : तिचा गंधार चढा असतो. या आणि अशाच कारणांवरून 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला स्टुडिओबाहेर काढलं आणि ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. गंमत अशी, की ज्या दोषापायी पेटीला एवढं ऐकून घ्यावं लागलं, तोच दोष पियानो ट्यूनरला मोजूनमापून, मुद्दाम आणि पैसे घेऊन करावा लागतो. तो नीट करता येतो, त्यालाच ट्यूनर म्हणायचं.

मुळात हा हिशेबाचा घोळ आहे. षड्जापासून शुद्ध पंचम, त्या पंचमाचा पुन्हा पंचम, असं 12 वेळा चढत गेलं तर सात सप्तकं वरच्या षड्जावर पोचायला हवं. प्रत्यक्षात आपण थोडे पुढे जातो. अर्ध्या सुराचे 100 भाग कल्पिले, तर हे ‘थोडे’ जवळपास 24 भागांचं भरतं. पियानोला कुठल्याही पट्टीत वाजायचं असतं, म्हणून ही वाढ 12 पंचमांवर सारखी वाटून टाकायची. प्रत्येक पंचम 2 भाग उतरतो, कानाला ते फारसं जाणवतही नाही. शुद्ध गंधार मात्र या वाटपात सुमारे 14 भाग चढतो आणि गवयाच्या कानाला तिथेच टोचतं.

ट्यूनरची हत्यारं थोडकी असतात. खुंटीच्या चौकोनी डोक्यावर घट्ट बसणारी लिव्हर, फेल्टची लांब पट्टी, रबराच्या पाचरी आणि एक ट्यूनिंग फोर्क. पियानोच्या मधल्या भागात एका सुराला तीन तारा असतात. फेल्टची पट्टी तारांमध्ये दाबत नेली, की कडेच्या दोन मुक्या होतात आणि मधली एकटी बोलते. आधी फोर्कवरून 440 कंपनांचा ए लावायचा, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. मग मध्यम-पंचमांच्या नात्यानं एका सप्तकाचे बारा सूर बसवायचे. दोन सूर एकत्र वाजले की त्यातून जी लहर उठते तिला ट्यूनर ‘बीट’ म्हणतात, आणि सगळं लक्ष तिच्याकडे असतं. मधल्या सी-च्या खालचा एफ आणि त्यावरचा ए एकत्र दाबले, तर सेकंदाला साधारण 7 बीट यायला हवेत. पुढच्या जोडीला त्याहून जरासे जलद, त्याच्या पुढच्या जोडीला आणखी जलद. ही चढण कुठे अडखळली, तर मागे कुठला तरी सूर चुकलेला आहे असं समजायचं आणि पुन्हा मागे जायचं.

खुंटी फिरवणं त्या मानानं सोपं. ती फिरवल्या जागी राहील असं करणं, हे खरं कसब. खुंटी लाकडात रुतलेली असते, तिला पीळ बसतो. तार वाटेत जिथे टेकते तिथे ती अडकून बसते. म्हणून सूर हवा त्यापेक्षा केसभर वर न्यायचा, मग लिव्हर हलकेच सैल करत खाली बसवायचा आणि त्या सुराची पट्टी दणकून वाजवायची. ताण तारेच्या सगळ्या लांबीत सारखा पसरला पाहिजे. ट्यूनर आपला पियानो इतका बडवतो का, असा प्रश्न घरच्यांना पडतो, त्याचं उत्तर हे आहे. जो बडवत नाही त्याचं ट्यूनिंग आठवडाभरात उतरतं.

पूर्ण पियानोत अशा सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, एकेकीवर साधारण 70-80 किलोंचा ताण. सगळा मिळून 15 ते 20 टन. लाकडाच्या सांगाड्याला हे पेलवेना, म्हणून बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनं 1825 साली एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. लोखंड ताण सोसतं. पण आवाज जिथून येतो तो साउंडबोर्ड अजूनही लाकडाचाच, बहुधा स्प्रूसचा, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा. आणि लाकूड म्हटलं की आपल्याकडचा पाऊस आलाच.

मुंबईत, गोव्यात, कोकणपट्टीत जूनमध्ये हवा ओलावली की साउंडबोर्ड पाणी पितो, फुगतो आणि मध्ये किंचित उचलला जातो. त्यावर बसलेला ब्रिज तारांना वर रेटतो, ताण वाढतो, सूर चढतो. सगळे सारखे चढले असते तर निभावलं असतं. मधला पट्टा जास्त चढतो, दोन्ही टोकं कमी. पाऊस सरला की उलटा प्रवास सुरू. संध्याकाळी तीन तास एसी आणि उरलेला दिवस दमट हवा, हा आपल्या फ्लॅटमधला नेम तर वर्षाचा चढउतार एका दिवसात उरकतो.

सुरापेक्षा यंत्राचे हाल जास्त. पट्टीच्या भोकांना आतून लोकरी कापडाचं अस्तर असतं. ते फुगलं की दाबलेली पट्टी वर येत नाही. तंत्रज्ञ चपट्या चिमट्यानं ते अस्तर दाबून जागा करून देतो. हातोड्यांच्या सांध्यांतल्या बारीक पिना आवळून बसल्या तर एकेक काढून बदलाव्या लागतात. तारा गंजतात. खर्जातल्या तांब्याचा वेढा असलेल्या तारांत मळ आणि ओल शिरली की त्या ठोकळ्यासारख्या वाजतात. त्यावर एक जुना इलाज आहे : तार सैल करून तिचा फास करायचा, तो फास वेढ्यावरून वरखाली फिरवत मळ झाडायचा, मग तारेला एक जादा पीळ देऊन पुन्हा चढवायची. काही तारा पुन्हा बोलू लागतात, काही नाही. फेल्ट कसर खाते, लाकूड वाळवी, आणि खालच्या फळीआड उंदीर संसार थाटतात. डांबराच्या गोळ्या आणि आत लावलेला लहानसा बल्ब ही या किनाऱ्यावरची पिढीजात औषधं. बल्बच्या उबेनं आतली ओल उडते. एलईडीचा उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही.

इंग्रज कारखानदारांना हे ठाऊक होतं. वसाहतींसाठी ते पितळी स्क्रूंनी आवळलेले खास पियानो बनवत, कारण सरसानं चिकटवलेलं सगळं दमट हवेत सुटतं. पण त्याच जहाजांतून स्वस्त, उभे, जुन्या बांधणीचे पियानोही आले. त्यांतल्या काहींचे डॅम्पर, म्हणजे तारा मुक्या करणाऱ्या गाद्या, हातोड्यांच्या वर असतात आणि समोर तारांचा पिंजरा असतो. फेल्टची पट्टी सरकवायला वाव नाही, आत हात जात नाही. त्यात असा पियानो शंभर वर्षांचा, सूर अर्ध्या-पाऊण पट्टीनं उतरलेला. एका दिवसात 440 वर ओढला तर तारा तुटणार. जाणता तंत्रज्ञ तो दोन-तीन फेऱ्यांत वर आणतो, किंवा सरळ सांगतो की आहे तिथेच राहू द्या. हे सांगण्यात त्याचं नुकसान असतं, म्हणून माझ्या मते त्याची खरी पारख इथे होते.

ही विद्या आपल्याकडे शिकली गेली ती बहुतेक दुकानांच्या मागच्या खोल्यांत आणि घरांत, वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली. मुंबईत पियानो नांदला तो मुख्यतः गोव्याच्या ख्रिश्चन, पारशी आणि अँग्लो-इंडियन घरांत. धोबीतलावच्या जेर महालात गोव्याहून आलेल्यांचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, आणि त्याच इमारतीत 1865 साली स्थापन झालेल्या फुर्टाडोज या वाद्यविक्रेत्यांचं दुकान, एवढ्यावरून त्या भागाची कल्पना यावी. सिनेमानं पियानो मराठी घरांत पोचवला तो पडद्यावरून. ‘संगम’मध्ये (1964) राज कपूर पियानोपाशी बसून गातो ते पाहिलं नसेल असा त्या पिढीतला माणूस विरळा. ध्वनिमुद्रणात मात्र लुसिला पाचेको यांच्यासारखे गोव्याचे वादक वाजवत होते. आणि त्यांच्याही आधी येऊन कुणीतरी तो लावून ठेवलेला असे. त्याचं नाव श्रेयनामावलीत कधी आलं नाही.

युरोपात या कामाला शाळा मिळाली ती एका अंध माणसामुळे. पॅरिसच्या अंधशाळेतला क्लोद मोंताल स्वतःच पियानो लावायला शिकला, इतर मुलांना शिकवू लागला आणि 1836 साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. लुई ब्रेलही त्याच शाळेतला. पुढे इंग्लंडातल्या अंध महाविद्यालयांतून ट्यूनिंग हा मानाचा पेशा म्हणून शिकवला गेला. आपल्याकडे मात्र अजूनही मुख्य भिस्त गुरूवरच आहे.

आता फोनमध्ये ॲप आहेत आणि ती वाईट नाहीत. चांगली ॲप त्या-त्या पियानोच्या तारा ऐकून हिशेब मांडतात. जाड, ताठ तारेचे वरचे उपस्वर गणितापेक्षा चढे निघतात, म्हणून तारसप्तक थोडं वर आणि खर्ज थोडा खाली ताणून लावावा लागतो. पण ॲपला खुंटी बसवता येत नाही, सैल झालेली खुंटी काढून एका नंबरानं जाड खुंटी ठोकता येत नाही, आणि हातोड्याच्या कडक झालेल्या फेल्टला सुया टोचून कर्कश आवाज मवाळ करता येत नाही. हातोडा किती टोचायचा, हे हातालाच कळतं. एक टोच जास्त झाली तर ती परत घेता येत नाही.

गिऱ्हाइकांचं वागणं मात्र अजब असतं. लाखोंचा पियानो घेणारा माणूस ट्यूनरच्या फीवर घासाघीस करतो. कारखानदार वर्षातून किमान दोन वेळा ट्यूनिंग सांगतात. कित्येक घरांत ते मुलाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, तीन-चार वर्षांतून एकदा होतं. त्यातच डिजिटल पियानो आले, ज्यांना ट्यूनिंग लागतच नाही. काम कमी झालं की शिकायला येणारे कमी होतात, आणि मग तारा बदलणं, यंत्र नव्यानं बसवणं असली मोठी दुरुस्ती जाणणारा माणूस गावात शोधून सापडत नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पाऊस संपलेला असेल. घरात पियानो असेल, आजीच्या माहेरचा, न उघडलेला, तर जुन्या सामानवाल्याला बोलावण्याआधी ट्यूनरला बोलवा. लगेच नको; दिवाळीनंतर तीन-चार आठवडे हवा कोरडी होऊ द्या. बाहेरच्या, पावसाची झड लागणाऱ्या भिंतीपासून तो हलवा, वरची फुलदाणी उतरवा. खुंट्या घट्ट आहेत का, साउंडबोर्डला चिरा आहेत का, सूर किती उतरलाय, हे त्याला आधी पाहू द्या आणि मगच पुढचं ठरवा. तो काम करत असेल तेवढा वेळ पंखा, टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवा. आणि त्यानं मागितलेले पैसे द्या.