खाऱ्या पाण्याच्या मुलुखांत मधुमालतीची कुंडी

शेतकऱ्यांच्या मासिकांत फुलवेलाचा विषय कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. कापूस, तूर व हरभरा सोडून मधुमालतीची चर्चा करणें म्हणजे रिकामटेकड्या पेन्शनराचा उद्योग, असेंहि कोणी म्हणतील. त्यांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत खाऱ्या विहिरीच्या ओलितानें शेताचें जें कांहीं वर्षांत होतें, तेंच कुंडींत चार महिन्यांत व डोळ्यांदेखत होतें. मीं तें एक वेल गमावून पाहिलें आहे. शिवाय ज्यांच्या अंगणांत तुळस व सदाफुलीपलीकडे कांहीं जगत नाहीं, अशीं घरें दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांत शेंकडों आहेत, व तेथील माउल्यांस हा लेख निरुपयोगी वाटणार नाहीं.

प्रथम वेलाची ओळख. ज्यास आपण मधुमालती म्हणतों त्याचें शास्त्रीय नांव पूर्वीं क्विसक्वालिस इंडिका असें होतें. आतां त्यास काँब्रेटम इंडिकम म्हणतात. क्विसक्वालिस या लॅटिन जोडशब्दाचा अर्थ ‘कोण? कसला?’ असा आहे, आणि तो या वेलास शोभतो. फूल सायंकाळीं उमलतें तेव्हां पांढरें असतें, दुसरे दिवशीं गुलाबी होतें व तिसरे दिवशीं लाल. एकाच झुबक्यांत तिन्ही रंग एकदम दिसतात तें यामुळें. फुलाची नळी दोन-अडीच इंच लांब असते, म्हणून पांढऱ्या फुलांतील मध रात्रीं लांब सोंडेच्या पतंगांनाच मिळतो. रंग चढल्यावर दिवसा मधमाशा व शिंजीर पक्षी येतात. संस्कृत काव्यांतील माधवीलता ती ही नव्हे. ती आपली हळदवेल. दोहोंच्या नांवांचा घोटाळा आपल्या लोकांत फार आहे. मधुमालतीस प्रतान नसतात. पान गळल्यावर देठाचा बुडखा मागें राहून त्याचा बोथट कांटा होतो व त्या कांट्यानें वेल आधारास अडकून वर चढतो.

हा वेल जमिनींत लावला तर माडीवर जातो. मग कुंडींत कां? ज्याची नोकरी बदलीची त्याला जमीन नाहीं. त्याची जी काय जमीन ती कुंडी. मी मुलकी खात्यांत कारकून होतों. आमचे सौ.च्या माहेरीं, परतवाड्यास, विहिरीजवळ जुनी मधुमालती होती. तिचा मुळासकट फुटवा तिच्या आईनें आपल्या हातानें कुंडींत लावून दिला. तो अचलपुरास व नंतर अमरावतीस उत्तम वाढला. पुढें आमची बदली दर्यापुरास झाली, व तेवढ्यांत सासूबाई वारल्या. तेव्हांपासून ती कुंडी म्हणजे घरांत निव्वळ कुंडी राहिली नव्हती, हें वाचकांस सांगावयास नको.

दर्यापुरास पहिल्याच उन्हाळ्यांत पानांच्या कडा करपूं लागल्या. मला वाटलें, ऊन फार, पाणी वाढवावें. वाढविलें. कडा अधिक करपल्या. मग खत कमी पडलें म्हणून युरिया घातला. कोंवळे शेंडे तेवढे आले व तेहि वाळले. शेवटीं काटकसरीची बुद्धि सुचली. कूलरच्या टाकींत रोज शिळें पाणी उरतें, तें फेंकण्याऐवजीं कुंडींत ओतूं लागलों. रोहिण्या लागण्यापूर्वींच वेल बुंध्यापर्यंत वाळला.

कांहीं दिवसांनीं अंजनगाव सुर्जीकडील एक वृद्ध पानमळेकरी फेरफाराच्या कामासाठीं घरीं आले होते. नागवेलीची व पिंपळीची शेती त्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या. त्यांनीं कुंडीच्या कांठावरील पांढरा थर नखानें खरवडला व म्हणाले, “बाबूजी, हे माती जिभेवर ठिवून पाहा. खारी लागते का नाई?” ती खारीच नव्हे, कडू लागली. मीं जन्मभर थकबाकीचे तक्ते लिहिले, परंतु माझ्याच दारांत एवढी बाकी तुंबली आहे हें मला कळलें नाहीं.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, पाण्याच्या एका लिटरांत एक ग्रॅम क्षार आहेत. खारपाण पट्ट्यांतील विहिरींच्या मानानें हा आंकडा मोठा नव्हे. मोठ्या कुंडीस रोज चार लिटर पाणी घातलें, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या १२० दिवसांत ४८० लिटर पाणी जातें. पाणी पानांवाटे व मातीवाटे उडून जातें. क्षार उडत नाहींत. म्हणजे खालून पाणी निथळूं दिलें नाहीं तर पावसाळा येईपर्यंत कुंडींत जवळजवळ अर्धा किलो मीठ सांठतें. आतां कूलरचें पाहा. टाकी ४० लिटरची. त्यांतून दिवसरात्र मिळून ८० लिटर उडालें व तितकेंच आपण पुन्हां भरलें. तीन दिवसांनीं टाकींत उरलेल्या ४० लिटरांत एकंदर २८० लिटर पाण्याचा क्षार असतो. मूळच्या सात पट खारें पाणी मीं माझ्या हातानें वेलास पाजलें. आर. ओ. यंत्रांतून बाहेर पडणारें टाकाऊ पाणी याच जातीचें आहे. हल्लीं गांवोगांवीं तीं यंत्रें बसलीं आहेत व पुष्कळ लोक तें पाणी ‘वायां जातें’ म्हणून झाडांस घालतात. तसें करूं नये.

खारटपणा मुळांस दोन रीतींनीं मारतो. मातींतील पाणी फार खारें झालें म्हणजे मुळांस तें ओढतां येत नाहीं. कुंडी ओली असूनहि वेल तहानेला राहतो, व म्हणूनच अजाण माणूस आणखी पाणी घालतो. दुसरें, पूर्णाखोऱ्याच्या पाण्यांत सोडियमचा अंश मोठा आहे. तो काळ्या मातीच्या बारीक कणांस चिकटून त्यांची जडण मोडतो, मग माती ओली असतां चिखल व वाळली असतां दगड बनते. पाणी वरच तुंबतें.

काळी माती ही कुंडीची दुसरी अडचण. शेतांत ती आपली अन्नदात्री खरी, पण कुंडींत तिचा स्वभाव उलट पडतो. ओली होतां ती फुगते व वाळतां आकसते. एप्रिलांत कुंडीच्या भिंतीपासून मातीचा गड्डा सुटतो व भोंवतीं बोटभर फट पडते. मग घातलेलें पाणी त्या फटींतून थेट खालीं जातें, तळाच्या भोकांतून वाहतें, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं कुंडी भरपूर भिजली. आंतला गड्डा मात्र कोरडाच. अशा वेळीं कुंडी अर्धा तास गोड्या पाण्याच्या टोपल्यांत बुडवून ठेवावी, किंवा फट मातीनें बुजवून पाणी थोडें थोडें, दोन-तीन वेळां घालावें.

यासाठीं मिश्रण असें करावें: काळी माती एक भाग, मुरमाड तांबूस माती एक भाग, नदीची जाड रेती एक भाग व पूर्ण कुजलेलें शेणखत एक भाग. बारीक रेती घेऊं नये; ती काळ्या मातीशीं मिळून सिमेंटासारखी बसते. तळाच्या भोकावर एक खापरी पालथी ठेवावी. विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची जुनी चाल आहे, परंतु त्यामुळें निचरा सुधारत नाहीं. मातींतलें पाणी त्या थराच्या वरच अडतें व मुळांची जागा मात्र कमी होते. कुंडी अठरा इंचांहून लहान नसावी. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून खालीं भोकें पाडलीं तर अधिक बरें. मात्र काळें प्लास्टिक व लोखंडी पत्रा वैशाखांत तापून मुळें शिजवितो, आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो हें विसरूं नये. बाहेरून चुना फासावा. कुंडी अशा जागीं ठेवावी कीं वेलाचा शेंडा उन्हांत व बूड सावलींत राहील. दुपारनंतरचें ऊन बुडावर नको. पानमळ्यांत शेवरी व पांगारा लावून नागवेलीस सावली करतात, तीच युक्ति येथें भिंत किंवा गोणपाट करितें.

आतां पाणी. पावसाचें पाणी हेंच खरें औषध. शंभर चौरस फूट पत्र्यावर वर्षांत ७५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारें सात हजार लिटर पाणी मिळतें. एका वेलाच्या उन्हाळ्यास वर सांगितल्याप्रमाणें ४८० लिटर लागतें; म्हणजे तीन ड्रम पुरे. भाद्रपदांत, पत्रा स्वच्छ धुऊन निघाल्यावर, ते भरावे, तोंडास कापड बांधून झांकण घालावें, नाहींतर डांस होतात व शेवाळ धरतें. दर्यापुराकडे शहानूर धरणाचें पाणी नळानें येतें खरें, पण तें पिण्याचें. माणसांच्या घागरींतून वेलास पाजणें कोणाच्या मनास येणार नाहीं. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी मात्र खुशाल घालावें, अर्थात् तें गोड्या पाण्याचें असेल तर.

ज्यांस विहिरीच्या पाण्यावांचून गति नाहीं त्यांनीं रोज थोडें थोडें शिंपडूं नये. दोन इंच खोल बोट घालून पाहावें. माती कोरडी लागली म्हणजे इतकें पाणी घालावें कीं त्याचा पांचवा हिस्सा तळांतून निथळून जाईल. कुंडीखालीं ताटली ठेवूं नये, कारण निथळलेलें पाणी कुंडी पुन्हां शोषते. यानें बाकी शून्य होत नाहीं, परंतु वाढावयाची थांबते. मृगाच्या सरी लागल्यावर दोन मुठी जिप्सम मातींत मिसळून कुंडी उघड्या पावसांत ठेवावी. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतें व मोकळा झालेला सोडियम पावसाबरोबर वाहून जातो. शेतासाठीं हाच उपाय सांगतात. तेथें मात्र आधीं निचऱ्याची सोय लागते. पाणी किती खारें आहे हें चवीवर सोडूं नये. आर. ओ. यंत्रवाले जो टी. डी. एस. मापक खिशांत बाळगतात त्यावर १००० आंकडा आला म्हणजे लिटरमागें एक ग्रॅम समजावा. क्षार कोणते आहेत हें जाणावयाचें असल्यास नमुना माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावा.

छाटणीविषयीं थोडेंसें. मधुमालतीस फूल नव्या फुटीवर येतें, म्हणून थंडीच्या शेवटीं, माघांत, जुन्या काड्या निर्दयपणें अर्ध्यावर कापाव्या. बायकांस ही छाटणी पाहवत नाहीं, असा माझा अनुभव आहे. त्या देवदर्शनास गेल्या असतां ती उरकावी. खत बेताचें: छाटणीनंतर दोन ओंजळी शेणखत व मूठभर निंबोळी पेंड. युरियानें पाला माजतो, फूल हटतें. नवीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तें लोहाच्या अभावाचें लक्षण. आपल्या चुनखडीच्या जमिनींत लोह असून मुळांस मिळत नाहीं. लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळीं पानांवर फवारावा. पिठ्या ढेकूण दिसल्यास ती फांदी कापून जाळावी व साबणाचें पाणी मारावें. सन २००७ चे सुमारास याच जातीच्या किडीनें कापसास किती छळलें तें शेतकरी विसरले नसतील.

ज्यांच्या घरीं गोडें पाणी मुळींच नाहीं, त्यांनीं बोगनवेल लावावी. ती खार सोसते, कोरड सोसते, कुंडी मुळांनीं भरली म्हणजे उलट अधिक फुलते. तिचीं रंगीत फुलें हीं खरीं फुलें नसून छदें (फुलांभोंवतालचीं रंगीत पानें) आहेत व त्यांस वास नाहीं, पण डोळ्यांस समाधान पुरें.

आमच्या वेलाचें सांगावयाचें राहिलें. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं अकोल्यास घर केलें. परतवाड्याच्या विहिरीवरील मधुमालती अद्याप उभी होती. मेहुण्यांनीं तिचाच एक फुटवा दिला. तो अर्ध्या ड्रमांत लावून तीन पावसाळे झाले. पहिला वेल कशानें गेला हें मीं सौ.ला पुष्कळ दिवस सांगितलें नव्हतें. सांगितलें तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं, आंत जाऊन देवाजवळ दिवा लावून आली. गेल्या आषाढांत पहिले झुबके आले. उन्हाळ्यांत कूलर घरांत दोन आहेत. त्यांच्या टाक्या तिच्याच देखरेखीखालीं रिकाम्या होतात व तें पाणी मोरींत जातें.