अदृश्य यंत्रें आणि शेतकऱ्याची नोंद

पावसाची नोंद ज्या वहींत होते ती वही आम्हीं पुष्कळ वर्षें आपल्या हातानें लिहिली आहे. महसूल खात्याच्या चाकरींत असतांना एका तालुक्याच्या कचेरींत रोज सकाळीं पर्जन्यमापकांतलें पाणी मोजावें, आंकडा वहींत चढवावा आणि वर पाठवावा, हें काम आमच्याकडे होतें. एके वर्षीं मृगाचा पाऊस कचेरीच्या गांवीं बरा झाला. परंतु तेथून सात-आठ कोसांवरील एका माळरानाच्या गांवीं शिवार कोरडेंच राहिलें. दुबार पेरणी झाली, तीही वायां गेली. पुढें सवलतीचा प्रश्न निघाला तेव्हां आधार धरला तो आमच्या वहींतल्या आंकड्याचा. त्या गांवचे एक वृद्ध शेतकरी आमच्या मेजापाशीं येऊन एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, पाऊस तुमच्या वहींत पडला; माझ्या रानांत नाहीं." आम्हीं उत्तर दिलें, "बाबा, लिहिलेलें आहे तेंच खरें धरावें लागतें." उत्तर नियमाला धरून होतें, पण तें आमच्या मनाला अजून टोचतें. आंकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्या ठिकाणचा होता.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचें कारण असें कीं, मोजणारें यंत्र कचेरींत न राहतां प्रत्यक्ष शेतांत, घरांत आणि माणसाच्या खिशांत जाऊन बसावें, असा एक विचार गेलीं पस्तीस-चाळीस वर्षें जगांतील विद्यापीठांत चालूं आहे. वाचकांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आज मोबाइल आहे, कित्येकांचा विहिरीवरचा पंप मोबाइलनें चालू होतो, आणि कांहींच्या द्राक्षबागेंत हवामान मोजणारें यंत्र उभें आहे. हीं सर्व त्याच विचाराचीं अपत्यें होत. तो विचार काय आहे, विद्यापीठांनीं त्याची परीक्षा कशी केली, आणि त्यांतून शेतकऱ्यानें काय घ्यावें, हें थोडक्यांत निवेदन करावें असा आमचा हेतु आहे.

मूळ कल्पना

या विषयाचे आद्य प्रवर्तक मार्क वायझर हे अमेरिकन गृहस्थ होत. ते प्रथम मेरीलँड विद्यापीठांत अध्यापक होते. पुढें कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रांत गेले. तेथें १९८८ च्या सुमारास त्यांनीं आपल्या कल्पनेला जें नांव दिलें त्याचा अर्थ मराठींत 'सर्वव्यापी गणन' असा होईल. १९९१ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या सप्टेंबरच्या अंकांत त्यांनीं ती कल्पना लोकांपुढें मांडली. तिचें सार असें : संगणक टेबलावर बसून माणसाचें सारें लक्ष ओढून घेतो, तें बरें नव्हे, त्यानें लहान लहान होऊन रोजच्या वापराच्या वस्तूंत इतकें मिसळून जावें कीं माणसाला त्याचा विसर पडावा. लिपीचें उदाहरण त्यांनीं दिलें आहे. पाटीवरचें गांवाचें नांव दृष्टीस पडतांच कळतें. आपण वाचन करीत आहों असें ध्यानांतही येत नाहीं.

आपल्याकडील दाखला द्यावयाचा तर विजेच्या मोटारीचा देतां येईल. पूर्वीं गांवांत एकच ऑइल इंजिन असे, आणि त्याची धडधड साऱ्या गांवाला ऐकूं येई. आज पंखा, मिक्सर, पंप, पिठाची चक्की अशा प्रत्येक वस्तूच्या पोटांत स्वतंत्र मोटर आहे; पण घरांत मोटारी किती, असें कोणी विचारलें तर घरधन्याला बोटें मोजावीं लागतील.

वायझर यांच्या मंडळीनें इंचाएवढीं, फुटाएवढीं व वाराएवढीं अशीं तीन मापांचीं उपकरणें करून स्वतःच्या कचेरींत वापरून पाहिलीं. जपानांत टोकियो विद्यापीठाचे केन साकामुरा यांनीं त्याही आधीं, १९८४ सालीं, 'ट्रॉन' नांवाची योजना हातीं घेतली होती. घरगुती यंत्रें, वाहनें, कारखान्यांतील साधनें यांच्या पोटांतील लहान संगणकांना चालविणारी व्यवस्था तिच्यांतून तयार झाली. वायझर १९९९ सालीं वारले. परंतु बीज पडलें होतें, आणि त्याची पुढची मशागत मुख्यतः विद्यापीठांनीं केली.

घरांतील प्रयोग

अमेरिकेंत अटलांटा शहरीं जॉर्जिया टेक नांवाची विद्यापीठाच्या दर्जाची संस्था आहे. तेथील अध्यापकांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस संस्थेच्या आवारांतच एक राहतें घर प्रयोगासाठीं उभारलें. म्हातारीं माणसें आपल्याच घरांत सुखरूप कशीं राहतील, हा त्यांच्यापुढील प्रश्नांपैकीं एक मुख्य प्रश्न. मुलें दूरच्या शहरांत आणि आई एकटी, ही स्थिति आतां आपल्या गांवांतही नवी राहिलेली नाहीं.

त्यांनीं योजलेला उपाय साधा आहे. आईची तसबीर मुलाच्या घरीं भिंतीवर असते. त्या तसबिरीच्या चौकटीवर फुलपाखरांचीं चित्रें उमटतात. आईच्या घरांत बसविलेलीं उपकरणें तिची हालचाल टिपतात, आणि त्या दिवशींची हालचाल कमी कीं अधिक हें फुलपाखराच्या लहानमोठ्या आकारावरून मुलाला कळतें. या योजनेची वर्षभर परीक्षा करून तिचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. यांतली विशेष गोष्ट आम्हांस अशी वाटते कीं, आईच्या घरांतलें दृश्य मुलाला दिसत नाहीं. ती उठली, फिरली, एवढेंच कळतें. तिनें काय केलें, कोण आलें, कोण गेलें, हें तिचें तिच्यापाशीं राहतें. मोजमाप किती करावें यालाही मर्यादा असावी, ही गोष्ट येथें आरंभापासूनच ध्यानांत घेतली होती.

शेतांतील प्रयोग

घरांत चार भिंती, छप्पर आणि वीज असते. उघड्या रानांत यांपैकीं कांहीं नसतें. म्हणून या विद्येची खरी कसोटी तेथें लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बॅटरीवर चालणारीं व बिनतारी संदेश पाठविणारीं अतिशय लहान यंत्रें तयार झालीं. २००२ सालीं तीं अमेरिकेच्या मेन प्रांतांतील ग्रेट डक नांवाच्या बेटावर नेलीं. तेथें बिळांत घरटीं करणारा एक समुद्रपक्षी आहे. माणूस जवळ गेला तर तो बुजतो. म्हणून ३२ यंत्रें लावून बिळांची व आसपासची हवा दुरूनच मोजली.

यानंतर पिकाची पाळी आली. नेदरलँड्समध्यें डेल्फ्ट विद्यापीठानें इतर संस्थांच्या साह्यानें २००५ च्या हंगामांत बटाट्याच्या शेतांत सुमारें शंभर यंत्रें बसविण्याचा घाट घातला. बटाट्यावरील करपा आमच्या वाचकांस सांगावयास नको. दमट हवा व पानांवरील ओल यांच्या आश्रयानें तो फैलावतो. पिकाच्या आंतली हवा जागोजाग मोजली तर फवारणी गरजेपुरतीच करतां येईल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. पण प्रयोग फसला. प्रोग्रॅममध्यें चुका निघाल्या, बॅटऱ्या अपेक्षेच्या आधींच उतरल्या, आणि अपेक्षित नोंदींचा अगदीं अल्प भाग हातीं लागला. बटाट्याचा पाला दाट झाला म्हणजे तो बिनतारी लहरी अडवितो आणि संदेशाचा पल्ला आंखूड होतो, हेंही तेथें दिसून आलें. ज्या वेळीं पीक भरांत असतें आणि माहितीची गरज अधिक, नेमका त्याच वेळीं हा अडथळा!

त्या अध्यापकांनीं २००६ सालीं ही सारी फजिती सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. त्या निबंधाविषयीं आम्हांस मोठा आदर वाटतो. फसलेलें काम आपण होऊन कागदावर उतरविणारे लोक आम्हीं आपल्या चाकरींत फार थोडे पाहिले.

कोरडवाहूचें रान

आतां आपल्या शेजारीं येऊं. कर्नाटकांत तुमकूर जिल्ह्यांत पावगड तालुका आहे. पाऊस थोडा व लहरी. भुईमूग हें तेथील मोठें कोरडवाहू पीक. या तालुक्यांतील चेन्नकेशवपुर गांवीं बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडांतील लोझान येथील तंत्रशाळा यांनीं मिळून २००४ च्या सुमारास काम आरंभिलें. त्यांनीं यंत्रें आणण्यापूर्वीं शेतकऱ्यांनाच विचारलें कीं तुम्हांला कोणती माहिती पाहिजे? उत्तरांत पाण्याचा प्रश्न वर आला. मग जमिनींतील ओल मोजणारीं उपकरणें शेतांत पुरलीं, आणि एका यंत्राकडून दुसऱ्याकडे असा संदेश गांवापर्यंत व तेथून बंगळूरपर्यंत जाईल अशी योजना केली.

यावर चाणाक्ष वाचक विचारील कीं, ओल संपत आली हें यंत्रानें सांगितलें, पण विहिरींत पाणी नसेल तर त्या बातमीचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. बागाइतदाराला ओलीचा आंकडा मिळाला तर तो मोटर सुरू करील किंवा बंद ठेवील. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातांत ती कळ नाहीं. म्हणून त्या मंडळींनीं उपयोगाची दिशा निराळी धरली : बांधबंदिस्तीनें ओल किती अधिक टिकते, पाणी अपुरें असतां पिकाच्या कोणत्या अवस्थेंत तें दिल्यास तूट कमी येईल, रोग व कीड यांचा अंदाज आधीं कसा बांधावा. हीं उत्तरें एका दिवसांत मिळत नाहींत. तीं अनेक हंगामांच्या नोंदींतून निघतात. परंतु तीं एकदां हातीं आलीं म्हणजे ज्याच्या शेतांत यंत्र नाहीं त्याच्याही उपयोगीं पडतात.

वारणेचा धडा

एक उदाहरण आपल्याच प्रांतांतलें देतों. तें विद्यापीठाचें नसून एका मोठ्या कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन शाखेचें आहे, पण बोधप्रद आहे. वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत १९९८ पासून गांवोगांव संगणक बसविण्याची एक योजना झाली होती. उसाचें उत्पादन, घेतलेलें खत, तोडीचा परवाना अशा बाबी शेतकऱ्यास गांवींच कळत. पुढें त्या संशोधकांनीं सात गांवांत आठ महिने असा प्रयोग केला कीं, तीच माहिती साध्या मोबाइलवर अक्षरी संदेशानें द्यावी. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार संगणकाचें सर्व काम मोबाइलनें झालें, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना तें अधिक पसंत पडलें. वायझर जें म्हणत होते तें येथें फार थोड्या खर्चांत घडलें. यंत्र नवें नव्हतें. तें शेतकऱ्याच्या खिशांत आधींच होतें, आणि आंकडा ज्याचा त्याच्या हातांत पडत होता.

आपण काय मागावें

महाराष्ट्रांत २०१७ पासून 'महावेध' योजनेखालीं महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रें बसलीं. त्यांची संख्या दोन हजारांवर आहे. पाऊस, तपमान, आर्द्रता व वारा यांची नोंद तेथें आपोआप होते, आणि हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई केंद्राच्या आंकड्यांवरून ठरते. आमच्या वेळच्या वहीपेक्षां ही मोठी सुधारणा आहे, यांत शंका नाहीं. तथापि एका मंडळांत अनेक गांवें असतात, आणि वळवाचा पाऊस व गारपीट मंडळाची शीव पाहून पडत नाहींत. त्या वृद्ध गृहस्थांची तक्रार लहान झाली, संपली नाहीं.

सबब आमचें मत असें आहे कीं, यंत्र दिसेनासें झालें तरी हरकत नाहीं, पण नोंद दिसेनाशी होतां कामा नये. सात-बाराची नक्कल आपल्याला मिळते. फेरफाराची नोंद धरली म्हणजे हितसंबंधी इसमांना नोटीस जाते, आणि पंधरा दिवसांत हरकत घेतां येते. ज्या आंकड्यावर आपला पैसा ठरतो त्या हवेच्या व पावसाच्या आंकड्यालाही हाच न्याय असावा. यासाठीं प्रत्येक शेतकऱ्यानें पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या :

१. कोणतेंही यंत्र घेण्यापूर्वीं, त्याचा आंकडा पाहून आपण कोणतें काम करणार किंवा टाळणार हें आधीं ठरवावें. काम सांगतां येत नसेल तर यंत्र घेऊं नये.

२. आपल्या मंडळाचें केंद्र कोठें आहे तें जाऊन पाहावें. तें झाडाखालीं, भिंतीच्या आडोशाला किंवा गवतांत बुडालेलें असल्यास लेखी कळवावें व पोंच घ्यावी.

३. बॅटरी कोण बदलील, बिघाड कोण दुरुस्त करील आणि किती दिवसांत, हें विकणाऱ्याकडून लिहून घ्यावें. डेल्फ्टच्या विद्वानांची जी गत झाली ती आपली होण्यास वेळ लागत नाहीं.

४. आपल्या शेतांतील नोंद कोणाकडे जाते, तो ती दुसऱ्यास देतो काय, आणि आपल्याला तिची प्रत मराठींत मिळते काय, हें विचारावें.

५. स्वतःची वही ठेवावी. सरळ बाजूंचें, सपाट बुडाचें भांडें उघड्यावर समपातळींत ठेवून रोज ठराविक वेळीं आंतल्या पाण्याची खोली मोजली तर तोच मिलिमीटरमध्यें पाऊस होय. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें चार हजार लिटर पाणी. गांवांतील दहा जणांनीं अशा वह्या ठेविल्या तर मंडळाच्या आंकड्याशीं ताडून पाहण्यास साधन होईल.

शेवटची सूचना पाहून कोणी म्हणेल कीं, एवढ्या विद्यापीठांची यात्रा घडवून आम्हीं शेवटीं पत्र्याच्या डब्यावर आणून सोडलें. आमचें म्हणणें असें कीं, डबा आणि यंत्र यांत वैर नाहीं. ज्याला स्वतः मोजण्याची संवय आहे त्यालाच यंत्राचें मोजमाप पारखतां येतें. त्या वर्षीं त्या वृद्ध शेतकऱ्याजवळ जर महिनाभराची अशी एखादी वही असती, तर आम्हांला ती निदान वरच्या साहेबांपुढें ठेवतां आली असती. ते गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्या नातवाच्या हातांत मोबाइल आहे आणि मंडळाच्या गांवीं केंद्र आहे. येत्या मृगापासून त्यानें एक वहीही सुरू करावी, एवढीच आमची विनंति आहे.