‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणजे काय?

बी. ए. भाग २

गेल्या जूनमध्ये पीककर्जाच्या कागदपत्रांसाठी बाबांबरोबर तालुक्याच्या गावी एका केंद्रावर गेलो होतो. मृगाचा पाऊस होऊन गेला होता, बियाणे घ्यायचे होते आणि त्यासाठी सातबारा हवा होता. सकाळी दहाला रांगेत लागलो. पडद्यावर एक लहानसे चक्र गरगर फिरत होते आणि खिडकीतून प्रत्येकाला एकच उत्तर मिळत होते, "सर्व्हर स्लो आहे." दिवसाची मजुरी बुडवून, रिकाम्या हातांनी आम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने परतलो. वाटेत बाबा म्हणाले, "पटवारी दप्तर सोडून अर्ध्या घंट्यात नक्कल लिहून देत होता. मंग एवढ्या मोठ्या मशीनले एवढा येळ काऊन लागते?"

मुलगा कॉलेजात शिकतो, तेव्हा त्याला हे ठाऊक असणारच, असा त्यांचा समज. मला उत्तर देता आले नाही. पुढे संगणकाच्या सरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे समजले, ते या लेखात मांडतो.

खिडकीतला संगणक केवळ विचारणारा असतो. त्याला क्लायंट म्हणतात. नोंदी दूरच्या संगणकावर म्हणजे सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये असतात. दोघांना जोडणारे ते नेटवर्क आणि विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. वेळ जातो तो या तिहींपैकी कुठेतरी. म्हणून पहिले काम तर्क करणे नव्हे, तर मोजणे होय. शेजारचा संगणक झरझर चालतो आणि एकच अडखळतो, तर दोष बहुधा त्या संगणकात. सगळेच अडखळत असतील, तर तीच क्वेरी प्रत्यक्ष सर्व्हरवर चालवून पाहावी. तिथेही वेळ लागला तर दोष डेटाबेसकडे. तिथे चटकन उत्तर आले तर तो वाटेत शोधावा.

प्रथम डेटाबेसकडे वळू. समजा, दहा लाख नोंदी आहेत आणि त्यांची सूची नाही. मग एका गट नंबरासाठी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळे उलटावे लागते. अनुक्रमे लावलेली सूची असेल, तर दर वेळी निम्मा भाग बाजूला सारता येतो आणि वीस वेळांत नोंद सापडते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ मध्ये ‘बी-ट्री’ नावाची सूचीची रचना प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे. तिच्या एका पानावर दोनशे निर्देश मावत असतील, तर तीन पाने उघडून ८० लाख नोंदींपैकी हवी ती गाठता येते.

परंतु सूची असूनही ती उपयोगी पडेलच असे नाही. शब्दकोशात ‘म’ पाहून मंगरुळपीर लगेच सापडेल. पण ‘ज्यांच्या शेवटी पीर आहे अशी नावे द्या’ म्हटले, तर सगळा कोश चाळावा लागेल. तालुका, गाव, गट नंबर या क्रमाने केलेल्या सूचीत नुसते आडनाव शोधणे तसेच आहे. बरे, प्रत्येक गोष्टीची सूची करावी, तर प्रत्येक नव्या फेरफारासोबत त्या साऱ्या सूच्याही बदलाव्या लागतात. मग लिहिणे मंदावते.

कोणता मार्ग घ्यायचा हे बहुधा डेटाबेसच ठरवतो. आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचाराचे हे फळ आहे: माणसाने काय हवे ते सांगावे, ते कसे शोधायचे हे यंत्राने पाहावे. मात्र यंत्राचे अंदाज जुन्या आकड्यांवर बेतलेले असले, तर ते आडवाटेला लागते. ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेने निवडलेला मार्ग पाहता येतो. तपासणाऱ्याने प्रथम तो पाहावा.

आता वाटेकडे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५०० किलोमीटरवर आहे असे धरले, तर जाऊन येण्यास किमान ५ मिलिसेकंद लागतात. हा काळ नगण्य खरा. पण एकेका खातेदारासाठी वेगळा प्रश्न पाठवणारा प्रोग्रॅम असेल, तर हजार प्रश्नांचे ५ सेकंद नुसत्या येरझारांत गेले! प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते आणि मधली उपकरणेही वेळ घेतात, म्हणून याहून अधिकच. मीठ, साखर, चहापत्ती यांसाठी पोराला किराणा दुकानात तीनदा पिटाळावे, तसा हा प्रकार. एकाच खेपेत यादी द्यावी, हा त्यावर उपाय. येथे जाडी लाइन घेऊनही फारसे साधत नाही. रस्त्याचे पदर वाढवले तर गाड्या अधिक मावतात, गाव जवळ येत नाही.

तिसरे कारण कुलुपाचे. एकाच नोंदीवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून पहिल्याचे काम होईपर्यंत ती नोंद कुलूपबंद राहते. हे आवश्यकच आहे. पण पहिल्याने काम अर्धवट उघडे ठेवले, तर मागचे लिहिणारे ताटकळतात आणि सर्व्हर मात्र रिकामा दिसतो. म्हणून कोण कोणासाठी थांबले आहे, हेही पाहावे लागते. तीच क्वेरी दुपारी रखडते आणि रात्री चटकन होते, तर गर्दीचा किंवा कुलुपाचा संशय घ्यावा.

तेव्हा ‘सर्व्हर स्लो आहे’ हे कारण नव्हे. ते ‘ताप आहे’ असे म्हणण्यासारखे लक्षण आहे. ताप कशाने आला हे पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. त्या दिवशी नेमके काय बिघडले होते, ते मला सांगता येणार नाही, कारण कोणी मोजलेच नव्हते. खिडकीतल्या माणसाला तरी काय दोष द्यावा? त्यालाही ते चक्रच दिसत होते. परंतु किती वाजता, कोणत्या संगणकावर, कोणते काम आणि किती वेळ अडले, एवढे एका साध्या वहीत टिपून ठेवले, तर जाणकाराला दोष शोधायला धागा मिळेल.

हे सारे मी बाबांना किराणा दुकानाचा दाखला देऊन सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग त्याईले सांग ना, वही ठेवा म्हणून." पुढच्या खेपेस जाईन, तेव्हा सांगणार आहे.