विश्लेषण : मेंदूचे पहारेकरी मेंदूलाच का नडतात?

अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आणि मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग हे तीन वेगवेगळे आजार. मात्र तिन्हींमध्ये मेंदूचे नुकसान होते त्यात शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारपेशींचाही वाटा असतो. मग या पेशींना सरळ रोखून का धरता येत नाही?

मेंदूतील प्रतिकारपेशी कोणत्या?

मेंदूतील मुख्य प्रतिकारपेशींना ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची स्वतंत्र ओळख पटवली. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच त्या मेंदूत शिरतात आणि तिथेच आपली संख्या टिकवून ठेवतात. आपल्या बारीक शाखा सतत हलवत त्या आसपासचा भाग तपासत असतात, हे २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत प्रत्यक्ष पाहता आले. मृत पेशी उचलणे, जंतू गिळणे आणि चेतापेशींमधील अनावश्यक जोडण्या छाटणे ही त्यांची कामे.

त्या घातक कशा ठरतात?

अल्झायमरमध्ये ‘अमायलॉइड’ प्रथिनाचे साठे मेंदूत जमतात. मायक्रोग्लिया त्यांना वेढून आवर घालतात. पण साठे हटत नाहीत, तेव्हा दाह वाढवणारी रसायने दीर्घकाळ स्रवत राहतात आणि त्यांची झळ निरोगी चेतापेशींनाही बसते. याची दुसरी बाजू ‘ट्रेम-२’ या जनुकाने दाखवली. मायक्रोग्लियांना साठ्यांची चाहूल लागण्यासाठी हे जनुक महत्त्वाचे असते. त्यातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने किंवा त्याहून अधिक वाढतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत आढळले. म्हणजे पेशी खवळल्या तरी नुकसान आणि कामात कमी पडल्या तरी नुकसान.

दाहविरोधी गोळ्यांचा उपयोग होतो का?

अशा गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये अल्झायमर कमी आढळतो, असे काही पाहण्यांत दिसले होते. त्यामुळे अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या आणि घरात या आजाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींना नॅप्रॉक्सेन किंवा सेलेकॉक्सिब देऊन चाचणी घेण्यात आली. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेमुळे २००४ च्या अखेरीस औषधे थांबवावी लागली. स्मरणशक्ती टिकण्यास त्यांची मदत झाल्याचे दिसले नाही.

बाहेरच्या पेशींची वाट अडवली तर?

‘एमएस’मध्ये रक्तातील प्रतिकारपेशी मेंदूत शिरून चेतातंतूंवरील ‘मायलिन’ आवरणावर हल्ला करतात. ‘नॅटॅलिझुमॅब’ हे औषध या पेशींना रक्तवाहिनीची भिंत ओलांडू देत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि आजाराचे झटके लक्षणीय घटले. मात्र पहाराच उठल्याने काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणारा जेसी विषाणू बळावला व ‘पीएमएल’ हा जीवघेणा आजार झाला. फेब्रुवारी २००५ मध्ये औषधाची विक्री थांबली. २००६ मध्ये ते कडक देखरेखीच्या अटींसह परत आले. आता या विषाणूविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून धोक्याचा अंदाज घेतला जातो.

दाह दाबल्याने जीव वाचतो का?

काही आजारांत नक्कीच वाचतो. मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगात दाहामुळे मेंदूतील द्रव तुंबतो, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि पक्षाघातही होऊ शकतो. जंतू मारणारी औषधे सुरू असली तरी हा धोका उरतो. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरोगाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. वाचलेल्यांमधील गंभीर अपंगत्व मात्र त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. भारतातही क्षयरोगाच्या औषधांना स्टेरॉइडची जोड दिली जाते. मात्र एचआयव्हीबाधित रुग्णांत असा स्पष्ट फायदा आढळला नसल्याचे २०२३ मधील चाचणीने दाखवले.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

कोणती पेशी, कोणता आजार आणि कोणती अवस्था, यावर उपचार ठरतो. त्यामुळे मेंदूसाठी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ किंवा ‘दाह घालवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या दाव्यांवर विसंबून राहू नये. स्टेरॉइड स्वतःहून सुरू करणे जितके धोक्याचे, तितकेच ते अचानक बंद करणेही. अनेक दिवस ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या आणि वागण्यात बदल अशी लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टर गाठावा. क्षयरोगाचा हा प्रकार असेल, तर रुग्ण शुद्धीत असतानाच उपचार सुरू होणे हे बरे होण्याच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे ठरते.